राम्या हापिसला गेलाय

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

उमाच्या तोंडून जसं ऐकलं, तसंच सांगते. उमा माझी मावसबहीण. शेतकी कॉलेजात शिकलेली, सरळ डोक्याची बाई. अमावस्या बघून कधी प्रवास टाळला नाही. मांजर आडवं गेलं, तर मांजरालाच "सांभाळून जा गं" म्हणणारी.

हेच तिनं दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं, तर ती हसली असती.

पण हे तिच्या डोळ्यांसमोर घडलं.

मागच्या वर्षी, दिवाळी नुकतीच सरली होती. जालन्याच्या एमआयडीसीतलं ऑफिस, दुसरा मजला. आणि रात्र नव्हती... भरदुपार होती. खिडकीबाहेर लख्ख ऊन, आणि लांब कुठल्यातरी स्टीलच्या कारखान्यातून लोखंड आपटल्याचा आवाज.

उमा एका बियाणं कंपनीत आहे. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. तिच्या हाताखाली शेतकऱ्यांचे फोन घेणारी माणसं. हरभरा मर लागून वाळतोय, कपाशीचं पान लाल पडलंय, काय फवारू... असे दिवसभर फोन. कोरोनात सगळ्यांना कॉम्प्युटर देऊन घरी पाठवलं होतं. मग ते घरूनच चालू राहिलं. राजूरहून तातेराव, मंठ्याहून शीतल, आष्टीहून रामप्रसाद. काम उलट जास्तच चांगलं व्हायला लागलं. गावात बसलेला माणूस गावच्या माणसाशी बोलायचा.

आणि मग पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आदेश आला.

दिवाळीनंतरच्या सोमवारपासून प्रत्येकानं ऑफिसात यायचं. आठवड्याचे सगळे दिवस. दारात अंगठा लावायचा. सबब चालणार नाही. जो येणार नाही, त्यानं नोकरी सोडली असं धरलं जाईल.

ग्रुपवर दुपारभर कुणी काहीच लिहिलं नाही. मग एकेकाचे फोन सुरू झाले.

तातेराव भडकलेच होते. "म्याडम, कोरोनात म्हनले घरी बसा, बसलो. बसलो तर म्हशी घेतल्या. आता म्हनतेत या. मंग म्हशी घेऊन येऊ का दुसऱ्या मजल्यावर?"

शीतलचं पोरगं दीड वर्षाचं. तिनं त्याला आईकडे ठेवून जालन्यात खोली बघायला सुरुवात केली, आणि फोनवर बोलता बोलता रडली. कल्याण नावाच्या मुलानं त्याच दिवशी राजीनामा पाठवला. "राम राम मंडळी" एवढंच लिहून ग्रुप सोडला.

रामप्रसाद मात्र काही बोलला नाही.

तो कधीच जास्त बोलायचा नाही, फोन सोडून. फोनवर त्याचा आवाज असा लागायचा, की शेतकरी नाव घेऊन मागायचे. "ते राम राम म्हनणारे भाऊ हायेत का?" पस्तिशीचा माणूस. घरी बायको शालू, अंगणवाडीत काम करणारी. आणि वडील रामकिसन. म्हाताऱ्याची स्मृती गेलेली. दिवसा घरात कुणी नसलं, की उठून चालायला लागायचा. एकदा दुसऱ्याच्या शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेला सापडला होता.

रामप्रसाद घरून काम करायचा तो एवढ्यासाठीच. कॉम्प्युटर दाराशी, म्हातारा नजरेसमोर.

सोमवारच्या आधी दोन दिवस त्याचा फोन आला.

"म्याडम, आष्टीहून रोज येनं-जानं म्हंजी सकाळी अंधारात निघायचं, रात्री पोचायचं. बाबाला कोण बघंल?"

उमानं पुण्याच्या साहेबांना विचारून पाहिलं होतं. एकाला सूट दिली तर सगळे मागतील, असं उत्तर आलं होतं. तिलाही स्वतःची नोकरी होती.

ती म्हणाली, "रामप्रसाद, सध्या फक्त येऊन बसा. खुर्चीत माणूस दिसला पाहिजे त्यांना. थोडे दिवस जाऊ द्या, मग मी काहीतरी करते."



"येतो म्याडम," तो म्हणाला. "कसंबी करून येतो."

सोमवारी सकाळी उमा आपल्या काचेच्या केबिनमध्ये बसली. बाहेर खुर्च्या भरत होत्या. कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. तातेराव मोठ्यानं खोकत होते. शीतलचे डोळे सुजलेले.

कोपऱ्यात, खिडकीजवळ, रामप्रसाद बसला होता.

पाठमोरा. तपकिरी स्वेटर. कानाला हेडफोन. मान किंचित डावीकडे कललेली, तो ऐकताना कलायची तशी.

उमाचा जीव भांड्यात पडला. आला बिचारा. आता म्हाताऱ्याचं काय केलं असेल, हा विचारही मनात आला. पण ती उठून विचारायला गेली नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

संध्याकाळी ती बाहेर आली, तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. टेबलावर चहाचा कप.

भरलेला. वर साय धरलेली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. "तुमचा रामप्रसाद कालही गैरहजर, आजही गैरहजर."

"मशीन बिघडलं असेल," उमा म्हणाली. "माणूस माझ्यासमोर बसलाय."

आणि तो बसलाच होता. तीच पाठ. तोच स्वेटर. काचेतूनही त्याचा आवाज ऐकू येत होता... "राम राम भाऊ, बोला."

बुधवारी तिनं जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, "रामप्रसाद जेवायला येत नाहीत का तुमच्यात?"

तातेरावांनी डबा बंद केला. "न्हाई म्याडम. फोनवरच असतोय कायम."

"तुमच्याशी बोलले का काही?"

"न्हाई."

"शीतल, तुझ्याशी?"

शीतलनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "म्याडम, मी त्यांच्या शेजारीच बसते. पन मला त्यांचं तोंड आठवून न्हाई राह्यलं. सोमवारपासून मी त्यांचं तोंडच पाह्यलं न्हाई."

कुणीतरी विषय बदलला.

गुरुवारी दुपारी उमाचा मोबाईल वाजला.

स्क्रीनवर नाव होतं... रामप्रसाद.

तिनं वर पाहिलं. तो समोर होता. पाठमोरा. दोन्ही हात टेबलावर. हातात मोबाईल नव्हता.

मोबाईल वाजतच होता.

तिनं उचलला. बाईचा आवाज आला.

"म्याडम, मी शालू बोलून राह्यले. आष्टीहून. म्याडम, ह्यांचं नाव कमी करा कामावरून. पाया पडते."

"काय झालं शालूताई?"

"हे उठून न्हाई राह्यले म्याडम. सोमवारपासून. सकाळी पडतेत ते दिवसभर उठतच न्हाईत. आवाज दिला, पानी मारलं. परतूरच्या डॉक्टरला दोनदा दाखवलं. ते म्हनले थकवा हाय. असा कुठं थकवा असतोय का?"



"शालूताई... काय बोलताय तुम्ही? रामप्रसाद इथं आहेत. माझ्यासमोर बसलेत."



मग लांबून, शालूच्या मागून कुठूनतरी, एका म्हाताऱ्याचा आवाज आला. ठणठणीत आवाज.

"मी काय सांगून राह्यलो तुला? राम्या हापिसला गेलाय!"

उमा उठली.

केबिनचं दार उघडलं. दोन्ही बाजूंनी माणसं फोनवर बोलत होती, ऊन जमिनीवर पडलं होतं, आणि ती त्या तपकिरी पाठीकडे चालत निघाली. "राम राम भाऊ, बोला... पेरून किती दिवस झाले?" आवाज स्पष्ट होता. मान कललेली होती. मानेवरचे कातरलेले केस दिसत होते.

मधे तातेरावांनी खुर्ची मागे सरकवली. ती क्षणभर अडली. "सॉरी म्याडम," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे घेतली.

तिनं पुन्हा समोर पाहिलं...

खुर्ची रिकामी होती.

हेडफोन टेबलाच्या कडेला लोंबत होता. हळूहळू हलत होता. आणि त्यातून, बारीक, कुण्या शेतकऱ्याचा आवाज येत होता.

"भाऊ? ओ भाऊ... बोलता बोलता कुठं गेले?"

दुसऱ्या दिवशी उमानं सुट्टी टाकली आणि नवऱ्याला, गिरिधरला, घेऊन आष्टीला निघाली. गिरिधर बँकेत आहे. त्याचा विश्वास नव्हता, पण बायकोचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता. वाटूर फाटा, परतूर, तिथून आष्टी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी वेचणाऱ्या बायका. सगळं नेहमीसारखं. उमाला मधूनच वाटलं, आपण वेड्यासारखं काय करतोय.

घर साधंच होतं. दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारातच एक म्हातारा बसलेला. पाठ घराकडे, तोंड रस्त्याकडे.

"नमस्कार काका," उमा म्हणाली.

रामकिसननं तिला निरखून पाहिलं.

"बाई, तुम्ही सरकारी का?"

"नाही काका. मी रामप्रसादच्या ऑफिसातली."

"मंग बरं झालं आले." त्यानं अंगठा मागे केला. "हे कोन झोपलंय आमच्या घरात, याला उचलून न्या. चार रोज झाले. पोरीला सांगून सांगून थकलो. दुसऱ्याचं मानूस घरात कामून ठुवावं?"

आत शालू उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

"कुणाला बी वळखत न्हाईत मामंजी," ती म्हणाली. "मला कधी बहीण म्हनतेत, कधी आई म्हनतेत. पन ह्यांना कधी इसरले न्हाईत म्याडम. ह्यांना बराबर नावानं हाक मारायचे. आन सोमवारपासून म्हनून राह्यले, हा माझा पोरगा न्हाई."

खाटेवर रामप्रसाद पडला होता.

तपकिरी स्वेटर. पायात मोजे. केस नीट विंचरलेले. ऑफिसला निघालेला माणूस जसा असतो तसा. डोळे अर्धे उघडे. गाल इतके आत गेलेले, की उमानं त्याला लगेच ओळखलं नाही.

शालू सांगत होती. सोमवारी पहाटे तो आंघोळ करून, कपडे घालून निघाला होता. दारात बापानं हात धरला. धरला तो सोडेचना. रामप्रसाद परत आत आला, खाटेवर बसला, म्हणाला, दोन मिनिटं बसतो. आणि आडवा झाला.

"सांजच्याला उठले. मी म्हनलं, काय झालं हो तुम्हाला? तर म्हनले, लई दमलो. जाऊन आलो. पायाला धूळ व्हती म्याडम. मोज्यावर. खाटेवरून खाली उतरले न्हाई आन पायाला धूळ."

"काय सांगायचे उठल्यावर?"

"तुमच्याच गोष्टी. तातेराव लई खोकून राह्यला म्हने. शीतलताई पोराच्या आठवनीनं रडली म्हने. मला काय ठाऊक कोन शीतलताई?"

उमानं खाटेची कड धरली.

"पहिल्या दिवशी दिवस मावळता उठले. मंग रोज उशीर. काल तर आम्ही जेवून झोपायला लागलो तवा उठले. दोन घास खाल्ले, आन म्हनले, शालू, उद्या मला वाट सापडंल का न्हाई काय माहीत."

गिरिधर पुढे झाला. "हे बघा, गाडी आहे. आत्ता घालू गाडीत. मोठ्या दवाखान्यात नेऊ."

शालू आडवी झाली. खाटेसमोर हात पसरून उभी राहिली.

"न्हाई भाऊ! ह्यांना तिकडं नेलं, आन हे इकडं आले तर? मंग कुणाला सापडतील?"



उमा खाली वाकली. रामप्रसादचे ओठ हलत होते. तिनं कान जवळ नेला.

अगदी हलका आवाज. जणू भिंतीपलीकडून.

"राम राम भाऊ... बोला..."

ती दचकून मागे झाली. मग तिनं त्याचा खांदा हलवला. "रामप्रसाद, उठा. यायची गरज नाही. मी सांगते ना, घरीच राहा." दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. ओठ तसेच हलत राहिले. तो तिचं ऐकतच नव्हता.

कसा ऐकेल? तो इथं नव्हताच.

हे मनात आलं आणि तिनं मोबाईल काढला. शीतलला फोन लावला.

"शीतल, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघ. कुणी आहे?"

शीतल कुजबुजली.

"म्याडम... ते बसलेत. मला पाठ दिसून राह्यली. सगळे जेवायला गेलेत. मी एकटीच हाय इथं."

"घाबरू नकोस. मोबाईल स्पीकरवर टाक. आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेव."

"म्याडम, न्हाई जमनार मला..."

"शीतल, माणूस मरतोय इथं."

पावलांचा आवाज. थांबत, थांबत. मग मोबाईल लाकडावर ठेवल्याचा आवाज. आणि मग...

मोबाईलमधून रामप्रसादचा आवाज आला. मोठा, मोकळा, नेहमीचा. "पेरून किती दिवस झाले भाऊ?"

खाटेवरचे ओठ त्याच शब्दांना हलले.

शालूनं तोंडावर हात दाबला. गिरिधर भिंतीला टेकला.

उमानं डोळे मिटले. "रामप्रसाद, मी उमा बोलतेय. झालं काम. मीच बोलावलं होतं, मीच सांगते. सुट्टी झाली. घरी जा. शालू वाट बघतेय. बाबा वाट बघतायत. घरी जा."

आवाज थांबला.

मोबाईलमधून खुर्ची करकरली.

"म्याडम..." शीतल पलीकडून म्हणाली. "ते उठले. दाराकडं चालले. म्याडम, ते थांबले... ते मागं बघून राह्यले..."

आणि फोन कट झाला.

खाटेवरचे ओठ मिटले. छाती हलायची थांबली.

शालूनं नाकापुढे हात धरला. किती वेळ धरून होती कोण जाणे. मग म्हणाली, "हाय. जरासा हाय."

बाहेरून म्हाताऱ्यानं विचारलं, "निघाला का राम्या?"

त्यानं काठी जमिनीवर आपटली.

"निघाला का?"

"निघाले काका," उमा म्हणाली.

"मंग येईल. लांब हाय जालना." आणि तो पुन्हा रस्त्याकडे बघत बसला.

दुपारभर ते तसेच बसून राहिले. शेजारच्या बायका डोकावून गेल्या. शालू मधून मधून हात नाकापुढे नेई. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. उमा खुर्चीत बसून खाटेकडे बघत होती. चहा कधी आला, तिला आठवत नाही. पुढे कप होता एवढं आठवतं. गार झालेला.

ऊन पिवळं झालं. गुरं घरी यायला लागली. दाराच्या फटीतून येणारी तिरीप भिंतीवरून सरकत वर गेली, आणि विझली.

तेवढ्यात म्हातारा उठला.

काठी न घेता उठला. रस्त्यापर्यंत चालत गेला. शालू धावायला लागली, पण दारातच थबकली.

रस्त्यावर झोपलेलं कुत्रं अचानक उठलं होतं... आणि बाजूला झालं होतं. कुणाला तरी वाट द्यावी तसं.

"किती उशीर रे," म्हातारा म्हणाला.

समोर कुणी नव्हतं.

त्यानं हात पुढे केला. मूठ मिटली. आणि तो घराकडे चालत यायला लागला, हात किंचित मागे ओढलेला, जसा दमलेल्या माणसाला हाताला धरून आणताना राहतो तसा. मोकळ्या अंगणातल्या धुळीत त्याच्या अनवाणी पावलांचा आवाज येत होता. आणि त्याच्या मागे...

आणखी कुणाच्यातरी पावलांचा.

उमा शपथेवर सांगते. गिरिधरनंही ऐकला.

उंबऱ्याशी म्हातारा आत आला, पण हात बाहेरच राहिला. ताणलेला. बाहेरचं जे होतं ते आत येत नव्हतं.

"ये ना राम्या," तो म्हणाला. "आपलंच घर हाय."

हात तसाच.

"पोरी, आवाज दे त्याला. नाव घे त्याचं."

शालूनं लग्न झाल्यापासून कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती उंबऱ्यापाशी गेली. रिकाम्या दारात बघून, रडत, जोरात म्हणाली, "रामप्रसाद! घरात या!"

म्हाताऱ्याचा हात एकदम सैल पडला.

मागे खाट हादरली. बुडालेला माणूस पाण्यावर यावा, तसा रामप्रसादनं श्वास ओढला. उठून बसला. छत, भिंती, माणसं, सगळीकडे बघत राहिला.

त्याचे मोजे धुळीनं पांढरे झाले होते.

म्हाताऱ्यानं त्याच्या गालावरून हात फिरवला. खाटेवर आधी कोण झोपलं होतं, हे तो विसरूनही गेला होता. "चहा टाक गं," तो शालूला म्हणाला. "पोरगं दमून आलंय."

निघताना उमानं रामप्रसादला विचारलं, काय आठवतं?

तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसला होता. बोलू की नको असं त्याला झालं होतं.

"रस्त्यानं लई लोक व्हते म्याडम. गळ्यात कार्ड घातलेले, पाठीला ब्यागा. सगळे जालन्याकडं चालले व्हते. कोनी बोलना, कोनी बघना. मी एकटाच इकडं येऊन राह्यल्तो." तो थांबला. "वाटूर फाट्याला तुम्ही दिसल्या."

"मी?"

"आवाज दिला तुम्हाला. दोनदा. तुम्ही थांबल्याच न्हाई. जालन्याकडं जल्दी जल्दी चालल्या व्हत्या."

उमा हसली. "मी तर इथंच होते हो. दुपारभर. या खुर्चीत."

रामप्रसाद नुसता तिच्याकडे बघत राहिला.

परतताना, परतूर मागे पडल्यावर गिरिधर म्हणाला, "दुपारी शालूनं चहा दिला, तेव्हा मी तुला हाका मारत होतो. डोळे उघडे होते तुझे. ओ दिली नाहीस."

"डोळा लागला असेल."

"हो," तो म्हणाला. "असेल."

वाटूर फाटा आला तेव्हा दोघांपैकी कुणीच खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

रामप्रसादनं नोकरी सोडली. आता आष्टीतच एका खताच्या दुकानात बसतो. तब्येत सुधारली आहे, म्हातारा दुकानात त्याच्या शेजारी बसलेला असतो. शीतलनं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. त्यानं मागे वळून पाहिलं तेव्हा तिला काय दिसलं, हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उमानं विचारलं, तर तिनं फोन ठेवून दिला.

उमा अजून तिथंच आहे. रोज जाते. पुण्याचा आदेश अजून तसाच आहे.

फक्त एक फरक पडलाय. संध्याकाळी घरी आली, की ती दारातच उभी राहते. गिरिधर आतून "उमा, ये" म्हणेपर्यंत पाऊल आत टाकत नाही. आधी तो चिडायचा. आता न विसरता म्हणतो.

गिरिधर बाहेरगावी असला, की ती दारातूनच मला फोन लावते. मी इकडे परभणीत. "नाव घे माझं," म्हणते. मी घेते. "उमा, आत ये." मग कुलूप उघडल्याचा आवाज येतो, आणि आम्ही दोघी इकडचं तिकडचं बोलायला लागतो.

परवाही असाच फोन आला. संध्याकाळची वेळ. मी पोळ्या लाटत होते. फोन कानाशी धरून म्हणाले, "उमा, आत ये."

कुलपाचा आवाज आला नाही.

मी थांबले. पलीकडे नुसता रस्त्याचा आवाज... खूप पावलं चालल्यासारखा.

"उमा? पोचलीस का घरी?"

बऱ्याच वेळानं ती बोलली. आवाज लांबून आल्यासारखा.

"अजून एकदा घे गं," म्हणाली. "जोरात घे."